ट्रॅक्टरची संरक्षक चौकट : कुठे बसवावी, कशी बसवावी



पऱ्हे तयार झाले आणि पावसाने साथ दिली की मोहाडी तालुक्यात ट्रॅक्टरला उसंत राहत नाही. आंधळगावच्या शिवारात रोवणीच्या दिवसांत पाहावे तिकडे केजव्हील लावलेले ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत चिखलणी करीत फिरत असतात. बांधीत पाणी आहे तोवर काम उरकायचे असते. दहा जण आपापली पाळी धरून बसलेले असतात. अशाच घाईत ट्रॅक्टर रुततो, कोणीतरी जोर लावतो, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.

असा प्रसंग आला तरी माणूस वाचावा म्हणून ट्रॅक्टरला संरक्षक चौकट बसवतात. त्याची माहिती आपण रेडिओवरील कार्यक्रमात ऐकलीच. पण बोल्टचे आकडे आणि बसवण्याच्या पायऱ्या एकदा ऐकून ध्यानात राहत नाहीत. म्हणून त्या या पत्रकात दिल्या आहेत. पत्रक जपून ठेवा आणि चौकट बसवताना मिस्त्रीलाही वाचायला द्या.

"छत्री तर आहे ना, साहेब!"

गावात गेलो की मी विचारतो, "भाऊ, ट्रॅक्टरला संरक्षक चौकट आहे काय?" बहुतेक वेळा उत्तर येते, "आहे ना साहेब, हे काय वर! गावातच बनवून घेतली."

वर पाहिले तर ऊन-पावसासाठी लावलेले पत्र्याचे छत असते. चार पातळ पाइप, आणि ते मडगार्डच्या पत्र्याला लहान बोल्टने आवळलेले. हाताने धरून हलवले तरी हलते. बंधूंनो, ही छत्री आहे, चौकट नव्हे. ट्रॅक्टरचे वजन दीड-दोन टन असते. ते वजन वरून आले की पाइप काडीसारखे वाकतात आणि मडगार्डचा पत्रा फाटतो. उलट छत्रीमुळे उडी मारायची वाटही अडते.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. एका शेतकरी भाऊंनी जाड पाइपची भक्कम चौकट करून घेतली होती. पाइपला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मिस्त्रीने ती मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगला थेट वेल्डिंग करून चिकटवली होती. वर्षभरातच हाउसिंगमधून तेल झिरपू लागले. साफ करून पाहिले तर वेल्डिंगच्या बाजूने केसाएवढा तडा गेलेला. हाउसिंग बिडाचे असते. बिडाला एका जागी जोराची उष्णता दिली आणि ते थंड झाले की त्यात ताण राहतो आणि ते तडकते. ट्रॅक्टर उलटला असता तर चौकट जशीच्या तशी उखडून वेगळी पडली असती.

यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. चौकट किती जाड आहे यापेक्षा ती कशाला आणि कशाने पकडली आहे, हे महत्त्वाचे. पत्र्याला पकडलेली चौकट पत्र्याएवढीच मजबूत असते.

ट्रॅक्टर उलटतो कसा?

ट्रॅक्टर दोन तऱ्हेने उलटतो. मागच्या बाजूला आणि कुशीवर.

मागे कसा उलटतो ते बंडी हाकणाऱ्याला लवकर समजेल. बंडीत मागे भार जास्त झाला की ती उलाळते, जू वर उचलले जाते. ट्रॅक्टरचेही तसेच होते. एरवी इंजिनाचा जोर मागच्या चाकांना फिरवतो आणि ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाके चिखलात घट्ट रुतली, किंवा ती निघावीत म्हणून कोणी चाकांना ओंडका बांधला, तर चाके फिरत नाहीत. मग तोच जोर ॲक्सलभोवती ट्रॅक्टरचे धड फिरवू लागतो. नाक वर येते. उचलायला लागल्यापासून पाऊण सेकंदातच ट्रॅक्टर अशा टप्प्यावर जातो की तेथून तो खाली येत नाही. दीड सेकंदाच्या आसपास तो पूर्ण उलटा होतो. 'क्लच दाबू' किंवा 'उडी मारू' हा विचार मनात येईपर्यंत सारे संपलेले असते.

ओढायची साखळी ड्रॉबार सोडून वर, टॉप लिंकच्या जागी किंवा सीटखाली बांधली तरी असेच घडते. ओढ जितकी वरून, तितके नाक उचलायला सोपे.

कुशीवर उलटण्याची कारणे आपल्याकडे रोजची आहेत. बांधीचा धुरा तिरका ओलांडणे, तलावाच्या पाळीवर कडेने चालवणे, पांदणीत एक चाक नालीत जाणे, आणि रस्त्यावर वेगात असताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला जाणे.

चौकट काय काम करते?

दुकानात या चौकटीला 'रोल बार' किंवा 'आरओपीएस' म्हणतात. दोन खांबांची चौकट सीटच्या मागे उभी राहते. चार खांबांची चौकट सीटच्या चारही बाजूंनी येते. बंद केबिन असेल तर तिच्या सांगाड्यातच चौकट असते.

चौकटीची कामे दोन. पहिले, ट्रॅक्टर कुशीवर पडला तर चौकट जमिनीला टेकते आणि बहुतेक वेळा ट्रॅक्टर तेथेच अडतो, पूर्ण पालथा होत नाही. दुसरे, तो पालथा झालाच तरी चालवणाऱ्याभोवती माणूस मावेल एवढी जागा मोकळी राहते.

चांगली चौकट मार बसल्यावर थोडी वाकते, पण तुटत नाही. वाकताना ती धक्का स्वतःवर घेते. म्हणून तिचे लोखंड ठरावीक प्रतीचे असावे लागते. फार कडक लोखंड काचेसारखे तुटते, फार मऊ लोखंड दबून सपाट होते. भंगारातला पाइप कोणत्या प्रतीचा आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणूनच गावात बनवलेली चौकट कितीही जाड दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.

स्वीडन देशाने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट सक्तीची केली. पुढे तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फारच कमी झाले. आपल्याकडेही चौकटीची चाचणी कशी घ्यावी याचे भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक आयएस ११८२१. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या चाचणीची संस्था आहे.

चौकट घेताना काय पाहावे?

१. आपल्या ट्रॅक्टरची कंपनी आणि मॉडेल सांगूनच अधिकृत विक्रेत्याकडे मागणी करावी. एका मॉडेलची चौकट दुसऱ्याला 'जमवून' बसवू नये. हाउसिंगवरची भोके, ट्रॅक्टरचे वजन आणि सीटची उंची प्रत्येकाची वेगळी असते.

२. चौकटीवर बनवणाऱ्याचे नाव, कोणत्या मॉडेलसाठी आहे आणि कोणत्या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे, हे लिहिलेली पट्टी असावी. पट्टी नसेल तर घेऊ नये.

३. बोल्ट, वॉशर, नट, कंस आणि कमरेचा पट्टा हे सारे चौकटीसोबतच घ्यावे. पक्की पावती व बसवण्याचे माहितीपत्रकही मागून घ्यावे.

४. नोंदणी झालेल्या वाहनाच्या रचनेत मनाने बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. म्हणून कंपनीने मान्य केलेलीच चौकट घ्यावी आणि नोंदीबाबत विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे.

बसवण्याची रीत

चौकट विक्रेत्याच्या मिस्त्रीकडून बसवून घेणे सर्वांत चांगले. पण मालकाने समोर उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली पायरी : तयारी. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर उभा करा. अवजार काढा. लिफ्ट खाली करा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या, हँडब्रेक लावा आणि चाकांना पुढून-मागून उटी द्या. बॅटरीची उणे बाजूची तार सोडा. जुनी छत्री असेल तर उतरवून ठेवा.

दुसरी पायरी : सफाई. चौकटीचा पाया जेथे बसणार त्या जागेवरचा वाळलेला चिखल, तेल, गंज आणि रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशने काढा. चिखलणीच्या ट्रॅक्टरवर येथे बोटभर थर सापडतो. थरावर चौकट बसवली तर आज बोल्ट घट्ट वाटतील, पण पहिल्या पाण्यात चिखल विरघळला की सारे ढिले होईल. साफ केल्यावर हाउसिंगला तडा नाही ना, हे उजेडात नीट पाहा. तडा असेल तर काम थांबवा.

तिसरी पायरी : चौकट ठेवून पाहणे. चौकट जड असते. दोघे-तिघे लावा किंवा चेनपुलीने उचला. पायाच्या पट्ट्या हाउसिंगवर सगळीकडून सपाट टेकल्या पाहिजेत. फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढून घेऊ नका. पत्र्याचे तुकडे किंवा लाकडी गुटके घालून भरू नका. फट राहते याचा अर्थ चौकट त्या मॉडेलची नाही किंवा पट्टी उलटी लागली आहे. ब्रेकची दांडी, तेलाचा पाइप किंवा दिव्याची तार पट्टीखाली दबत नाही, हेही पाहा.

चौथी पायरी : बोल्ट. हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात. ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असलेलाच बोल्ट वापरा. बाजारात मिळणाऱ्या साध्या ४.६ बोल्टची ताकद ८.८ च्या निम्मी असते. जाडी तीच, चकाकीही तीच, पण झटका बसला की साधा बोल्ट आधी तुटतो. डोक्यावर आकडाच नसेल तर तो बोल्ट बाजूला टाका.

सारे बोल्ट आधी हातानेच दोन-चार आटे फिरवून अडकवा. मग पान्याने अर्धे आवळा. आवळताना बैलगाडीच्या चाकासारखे ओळीने जाऊ नका. एक इकडचा, एक समोरचा, असे आलटून पालटून आवळा. म्हणजे पट्टी सारखी बसते.

पाचवी पायरी : पुरेसे आवळणे. शेवटचे आवळणे टॉर्क पान्यानेच करावे. किती, ते माहितीपत्रकात दिलेले असते. अंदाज यावा म्हणून सांगतो. १६ मिलिमीटर जाडीच्या ८.८ बोल्टला साधारण २०० न्यूटन-मीटर जोर लागतो. म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला २० किलो वजन टांगल्याएवढा. कमी आवळला तर बोल्ट सुटतो. पान्याला लांब पाइप लावून अंगभर जोर दिला तर बोल्ट आतून ताणतो आणि पुढे अवचित तुटतो. मात्र आपल्या चौकटीच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

सहावी पायरी : खूण. आवळून झाले की नट आणि पट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे ओळखता येते. रोज पाना लावावा लागत नाही, नजर टाकली की पुरे.

सातवी पायरी : चाचणी. बॅटरी जोडा. रोटाव्हेटर लावून लिफ्ट पूर्ण वर-खाली करून पाहा. टॉप लिंक किंवा अवजार चौकटीला घासता कामा नये. सीट मागे-पुढे सरकते का, ब्रेक-क्लचवर पाय मोकळा पडतो का, ट्रॉली लावून दोन्हीकडे वळते का, केजव्हील लावल्यावर काही अडते का, हे सारे घरीच तपासा. बांधीत गेल्यावर नको.

पहिल्या दिवसाचे काम झाले की सारे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवी जोडणी थोडी बसते आणि नट ढिले होतात. त्यानंतर दरवर्षी चिखलणीच्या आधी आणि मळणी संपल्यावर तपासत जा.

पट्टा बांधलाच पाहिजे

चौकट बसवली आणि पट्टा बांधला नाही तर अर्धे काम झाले. ट्रॅक्टर उलटताना माणूस सीटवरून बाहेर फेकला जातो आणि मग त्याच चौकटीखाली सापडतो. मोकळी जागा चौकटीच्या आत असते. तिच्यात माणसाला धरून ठेवण्याचे काम पट्टा करतो.

पण उलटेही ध्यानात ठेवा. ज्या ट्रॅक्टरला चौकट नाही, त्यावर पट्टा बांधू नये. कारण तेथे वाचायला मोकळी जागाच नसते. दुमडणारी चौकट दुमडून ठेवली असेल तेव्हाही पट्टा बांधू नये. थोडक्यात, चौकट उभी तर पट्टा बांधलेला.

हे करू नका

चौकटीला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका. दिवा किंवा पाण्याची कॅन अडकवण्यासाठीसुद्धा नाही. त्यासाठी वेगळी पकड वापरा.

रुतलेला ट्रॅक्टर किंवा झाडाचा ओंडका ओढायला चौकटीला साखळी बांधू नका. चौकट उंच असते. तेथून ओढले की ट्रॅक्टर हमखास मागे उलाळतो.

एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरची चौकट ठोकून सरळ करू नका. ती वाकली म्हणजे तिने आपले काम केले. पुन्हा तेवढा मार ती सोसणार नाही. चौकट आणि बोल्ट, दोन्ही नवे घ्या.

गंजाकडे काणाडोळा करू नका. केजव्हीलने उडालेला चिखल चौकटीच्या पायाशी साचतो. हंगामात तो आठवड्याला धुवा. हंगाम संपल्यावर गंज खरवडून रंग द्या.

आपण विचारलेले प्रश्न

प्रश्न : चौकट असली की ट्रॅक्टर कसाही चालवला तर चालेल काय?

उत्तर : मुळीच नाही. मऊ चिखलात चौकटही थोडी रुतते आणि बांधीत पाणी असते. तोंड चिखलात दबले तर चौकट काय करणार? म्हणून ट्रॅक्टर उलटू न देणे हेच पहिले काम. रुतला तर जोर लावू नका. अवजार सोडवा, मागच्या चाकांमागचा चिखल उकरा आणि हळू रिव्हर्समध्ये मागे काढा. चाकाला ओंडका बांधू नका. निघत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर लावा, साखळी ड्रॉबारलाच बांधा आणि माणसे साखळीपासून दूर उभी करा. धुरा ओलांडायचा असेल तर तो फावड्याने फोडून उतार करा आणि सरळ ओलांडा. रोवणी झाल्यावर धुरा बांधायला अर्धा तास लागतो. रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने एकत्र जोडा.

प्रश्न : आमच्या पांदणीत झाडाच्या फांद्या खाली आहेत. चौकट अडते.

उत्तर : दुमडणारी चौकट मिळते. फांदीखालून किंवा कोठ्यात जाण्यापुरती ती दुमडा आणि बाहेर आल्याबरोबर उभी करून खिळ घाला. दुमडलेली चौकट म्हणजे नसलेली चौकट. विजेच्या तारा लोंबत असतील तर तेथून जाऊच नका, वीज कार्यालयाला कळवा.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर जुना आहे. चौकट मिळतच नाही.

उत्तर : विक्रेत्याला मॉडेल सांगून एकदा खात्री करा. खरेच मिळत नसेल तर गावठी चौकट लावून खोटा भरवसा बाळगू नका. तो ट्रॅक्टर सपाट जमिनीतल्या हलक्या कामाला ठेवा. खोल चिखलणी, पाळीवरचे काम आणि रात्रीची पाळी त्याला देऊ नका. पुढचा ट्रॅक्टर घेताना मात्र चौकट असलेलाच घ्या. खरेदीच्या वेळी मागितली तर सोय होते, नंतर धावपळ होते.

प्रश्न : मी ट्रॅक्टर भाड्याने देतो. चालवणारा पोरगा वेगळा आहे. पट्टा तो बांधत नाही, मी काय करू?

उत्तर : मालक म्हणून सांगणे आपलेच काम आहे. तासाच्या हिशेबाने काम असले की पोरगा घाई करतो, कारण आपणच त्याला घाई लावतो. 'पट्टा नाही तर किल्ली नाही' असा नियम ठेवा. चालवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही मडगार्डवर बसू देऊ नका. लहान मुलांना तर कधीच नाही. चौकट आणि पट्टा एकाच माणसासाठी आहेत.

शेवटी एवढेच

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख रुपये देण्याची तरतूद आहे. त्या पैशाने घराला थोडा आधार होतो. पण बाप गेलेल्या लेकराला दोन लाखांनी काय होणार? ती मदत मागण्याची पाळी कोणावर न येवो, म्हणून हा सारा खटाटोप.

या वर्षी चिखलणीला निघण्याआधी एक काम करा. सीटमागे हात घालून चौकट जेथे बसली आहे ती जागा चाचपून पाहा. पत्र्याला पकडली आहे की हाउसिंगला? वेल्डिंग आहे की बोल्ट? बोल्टच्या डोक्यावर आकडा आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तरच किल्ली फिरवा.

लक्षात ठेवा

• छत्री म्हणजे चौकट नव्हे.
• चौकट हाउसिंगला बोल्टने; मडगार्डला नाही, वेल्डिंगने नाही.
• बोल्ट ८.८ किंवा वरचा, टॉर्क पान्याने आवळलेला.
• चौकट उभी तर पट्टा बांधलेला. चौकट नाही तर पट्टा नाही.
• ओढ नेहमी ड्रॉबारवरून.
• रुतला तर जोर नको. चिखल उकरा, रिव्हर्समध्ये काढा.